तिसरी चावी

वाशीच्या मार्केटात चाव्यांची दुकानं पुष्कळ आहेत, पण परदेशातून आलेल्या गाडीची चावी हरवली की लोक शेवटी वामनरावांकडेच येतात. आधी दोन-तीन ठिकाणी हात पोळून घेतात, मग येतात, आणि त्याबद्दल चार शब्द ऐकवल्याशिवाय वामनराव पेटी उघडत नाहीत. माणूस तिरसट. मूळचे देवगडकडचे, पस्तीस वर्षं नवी मुंबईत काढलेली, पण कपाळाला अंगारा कधी लागू दिला नाही. कुणी भुताखेताचं काढलं की म्हणायचे, "गाडीला माणूस कळत नाही, देव कळत नाही, भूतही कळत नाही. गाडीला आकडा कळतो. चावी म्हणजे आकडा." हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यांची बायको मीना ते त्यांच्याबरोबरच पुटपुटायची.

तर मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. गुरुवारी सकाळी त्यांना बेलापूरहून फोन आला. निशांत नावाचा तरुण, कुठल्याशा बँकेत नोकरीला. दीड महिन्यापूर्वी त्याने दिवाळे गावातून एक जपानी गाडी घेतली होती, थेट जपानात वापरलेली आणि तिथून इकडे आणलेली. चावी मात्र एकच मिळाली होती. "काका, एक स्पेअर बनवायचीये. आणि जुनी दुसरी चावी जिथे कुठे असेल, ती बाद करायचीये," तो म्हणाला.

अगदी रोजचं काम. वामनराव पेटी घेऊन स्कूटरवर निघाले.

निशांतची सोसायटी खाडीच्या अगदी कडेला होती. पार्किंग उघड्यावर, पलीकडे कुंपणाची भिंत, आणि भिंतीपलीकडे तिवरांचं रान थेट पाण्यापर्यंत. राखाडी रंगाची ती गाडी भिंतीलगतच उभी होती. चावी खिशात ठेवून जवळ गेलं की कुलूप आपोआप उघडणारी, दुमडलेले आरसे बाहेर काढून आत दिवा लावणारी. पडद्यावरची अक्षरं जपानी, पण आकडे आपले ओळखीचे. वामनरावांनी स्कॅनर जोडला, गाडीची वही उघडली म्हणा ना, आणि आकडा पाहिला. नोंदलेल्या चाव्या, दोन.

"एक तुमच्याकडे. दुसरी?"

"ती आधीच्या मालकिणीच्या मुलाकडे होती. तो हरवलाय," निशांत म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे चावी नाही. मुलगाच."

त्याची बायको ईश्वरी घरूनच काम करायची, तीही खाली आली होती. तिने मोबाइल पुढे केला. "काका, हे बघा ना. गाडी दुपारी आपोआप उघडते. आमची चावी वर सातव्या मजल्यावर असते आणि इथे आरसे उघडतात, आतला दिवा लागतो. मी गॅलरीतून बघते. वेळा लिहून ठेवल्यात."

सोमवारी दीड. मंगळवारी सव्वादोन. बुधवारी तीन.

"वायरिंगमध्ये लोच्या असेल," निशांत म्हणाला.

वामनरावांनी त्या वेळा पुन्हा एकदा वाचल्या. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला पाढे येतात तसं एक गणित येत असतं. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. सोमवारी द्वितीया होती. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. तृतीयेला सव्वादोन. चतुर्थीला तीन. त्यांनी बोटांवर पुन्हा एकदा मोजलं. गाडीच्या वायरिंगला तिथी कुठून कळणार, असं मनात आलं आणि त्यांनी ते तिथेच दाबून टाकलं.

"तुमच्या नव्या चावीच्या आतली लोखंडी पात कापायला नंबर लागेल," ते म्हणाले. "जपानातून गाडीबरोबर पत्र्याची एवढीशी पट्टी येते, तिच्यावर कोरलेला असतो. मालकिणीकडे असेल. मी घेऊन येतो. उद्या सकाळी काम उरकू."

"सकाळी मी ऑफिसला. चारला येतो. माझ्यासमोरच करा, प्लीज."

उद्या पंचमी संपून षष्ठी. सहा त्रिक अठरा, भागिले चार. साडेचार. वामनरावांनी हेही गणित केलं, आणि स्वतःवरच चिडले.

दिवाळ्याला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, त्यांचा वास पार रस्त्यापर्यंत. धक्क्याच्या वरच्या अंगाला पुतळाबाईंचं घर. बाई साठीच्या पुढच्या, हातात कोयता, पुढ्यात टोपलीभर मासळी. वामनरावांनी गाडीचं नाव काढताच त्यांनी कोयता बाजूला ठेवला.

"गाडी बरी हाय ना?" त्यांनी विचारलं. सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तसं.

"छान आहे, मावशी. धुऊनपुसून ठेवतात."

मग पट्टी शोधायला त्या आत गेल्या आणि शोधता शोधता आतूनच बोलत राहिल्या. मुलाचं नाव केतन, दारातून वाकून यावं लागे इतका उंच. सहा वर्षं जपानात होता, जहाजं दुरुस्त करायच्या कामावर. परत आला तो ही गाडी घेऊन, कस्टमचे सगळे सोपस्कार करून. दोन वर्षांनी हौसेने ती आईच्या नावावर केली. आईला गाडी चालवता येत नाही, पण गावात कुणाच्या आईच्या नावावर अशी गाडी होती? चार वर्षांपूर्वी पौषात, वारा नाही, वादळ नाही अशा दिवशी तो बोट घेऊन गेला. बोट मिळाली. नांगर टाकलेला, जाळं अर्धं ओढलेलं, डबा तसाच बंद. गाडी धक्क्यावर उभी होती आणि तिची चावी त्याच्या पँटच्या खिशात होती.

"लोक बोलतात, दिवस घाल," बाहेर येत पुतळाबाई म्हणाल्या. "मी नाय घातलं. पानी भरला का गाडी डोले उघडायची. रोज. मी समोर बसून बघायची. चावी जवल आल्याशिवाय गाडी उघडत नाय, त्यानीच सांगलेला मना."

"मग विकलीत कशाला?"

"खारा वारा पत्रा खातो. तो येल तवा चालवाला गाडी तं पायजे." त्यांनी पट्टी वामनरावांच्या हातावर ठेवली, पण आपला हात काढून घेतला नाही. मासळीच्या पाण्याने गार पडलेला, खरबरीत हात. "दादा, एक इचारते. तुमी नवी चावी केली का... त्याच्याजवलची बंद तं नाय ना व्हनार?"

आता खरं काय ते वामनरावांना ठाऊक होतं. नवी चावी नोंदवायच्या आधी गाडीची वही कोरी करावी लागते. मग समोर असलेल्या चाव्या एकेक करून पुन्हा नोंदवायच्या. जी समोर नसेल ती कायमची मेली. निशांतला हवं होतं तेही नेमकं हेच, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. आपल्या गाडीची चावी जगात कुठेतरी फिरते आहे, हे कुणाला चालेल? पण ही बाई चार वर्षं त्या एका चावीच्या आधारावर जेवत-झोपत होती. ती गेली की हिचा मुलगाही गेला.

"नाही होणार, मावशी," वामनराव म्हणाले.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं. परत येताना त्यांना स्वतःचा इतका राग आला, की तुर्भ्याच्या सिग्नलला ते एका निरपराध टेम्पोवाल्याशी भांडले. रात्री मीनाने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. एका आईला फसवलं." आणि कूस बदलून झोपले.

शुक्रवारी चार वाजता ते पुन्हा त्या भिंतीपाशी होते. नवी चावी, पात कापून, घासूनपुसून तयार. निशांत टाय सैल करत आला. ईश्वरीही आली, आणि भिंतीपलीकडे बघत राहिली. तिवरांच्या मुळांत पाणी शिरायला लागलं होतं. आवाज असा नव्हताच, चिखल हळूहळू पाणी पिताना बारीक बारीक बुडबुडे फुटतात, तेवढाच. खाऱ्या चिखलाचा वास मात्र दाट होत चालला होता.

वामनराव घाईत होते. भरतीच्या आत काम संपवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. कशासाठी, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण घाईत कामं होतात का कधी? स्कॅनरची तार नीट बसेना, लॅपटॉपने मधेच मान टाकली, पुन्हा सुरू करण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, वही कोरी करायचा हुकूम दिला, आणि पडद्यावरच्या दोनाचा शून्य झाला.

"झाली बाद?" निशांतने खिडकीतून विचारलं.

"झाली," वामनराव म्हणाले.  पुतळाबाईंचा गार हात त्यांना आठवला.

आता दोन्ही चाव्या एकेक करून स्टार्टच्या बटणाला टेकवायच्या. गाडी चावी ओळखते, एकदा वाजते, आकडा एकाने वाढतो. त्यांनी निशांतची जुनी चावी टेकवली. गाडी वाजली. एक. ती निशांतच्या हातात देऊन ते दुसरी घ्यायला शर्टाच्या खिशाकडे वळले.

गाडी वाजली.

वामनरावांचा हात खिशावरच राहिला. नवी चावी खिशात होती, कापडाच्या आत, बटणापासून हातभर लांब. बटणाजवळ काहीही नव्हतं. पडद्यावर दोन.

"केली का दुसरी?" निशांत म्हणाला.

"...नाही."

आणि मग सीट हलली. खालची मोटर घुंई करून सुरू झाली आणि वामनरावांना घेऊन सीट मागे सरकू लागली. सावकाश, न थांबता. त्यांचे पाय पेडलवरून सुटले, स्टिअरिंग लांब गेलं. पाठ थोडी कलली. दोन्ही बाजूंचे आरसे बारीक आवाज करत वर वळले. साडेपाच फुटांच्या वामनरावांना आता आरशात नुसतं आभाळ दिसत होतं.

"हे... हे काय करताय काका?"

"मी काही करत नाहीये," वामनराव हळूच म्हणाले.

या गाड्यांत ज्याची चावी असेल त्याच्या मापाने सीट लागते, हे त्यांना माहीत होतं. पण ती मापंही वहीबरोबर पुसली जातात. गाडीला आता कुणाचंच माप ठाऊक नव्हतं. तरी सीट मागे मागे जात शेवटपर्यंत गेली आणि थांबली. सहा फुटी माणसाचे गुडघे जिथे आरामात मावतील, तिथे.

ईश्वरीने तोंडावर हात धरला होता. भिंतीपलीकडे आता सगळं पाणीच पाणी होतं. तिवरांचे नुसते शेंडे वर. साडेचार वाजले होते आणि खाडी काठोकाठ भरून, एक लाट न उठवता, स्थिर उभी होती. कावळे गप्प होते. वामनरावांना भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्यांना भीती नाही वाटली. एखाद्या मोठ्या माणसाच्या खोलीत न विचारता शिरावं आणि तो समोर शांतपणे बसलेला दिसावा, तसं झालं. त्यांनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

मग खिशातली नवी चावी काढून त्यांनी बटणाला टेकवली. गाडी वाजली. तीन.

"नाही नाही नाही," निशांत म्हणाला. "पुन्हा पुसा. काका, पुसा ना. मी सांगतोय ना तुम्हाला."

वामनरावांनी बोट लॅपटॉपच्या बटणावर नेलं. आजवर त्यांनी असे हजारो आकडे पुसले होते. पण काल त्या बाईला ते खोटं बोलले होते, आणि आज कुणीतरी येऊन ते खोटं खरं केलं होतं. आता ते पुन्हा खोटं करायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

"साहेब, मी नाही पुसणार. दुसरा कुणी बघा," ते म्हणाले.

"आणि गाडी चोरीला गेली तर?"

"राहू दे निशांत," ईश्वरी म्हणाली. ती गाडीकडेच बघत होती. "चोर असा येत नाही... असा वेळ पाळून."

 पाणी उतरायला लागलं तसे आरसे एकेक करून दुमडले आणि आतला दिवा विझला.

शनिवारी वामनरावांनी दुकान दुपारी बंद केलं आणि दिवाळ्याची वाट धरली. पत्र्याची पट्टी परत द्यायची होती, हे आपलं निमित्त. पुतळाबाई घरी नव्हत्या. त्या धक्क्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, पाण्याकडे तोंड करून. वामनराव शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. आपण खोटं बोललो होतो, तेही सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "सीट पार मागं गेली?"

"पार मागे."

पुतळाबाईंनी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण चेहरा नुकतंच देवाचं दर्शन झालेल्या माणसासारखा उजळलेला. मग त्यांनी पदराची गाठ सोडली. "बरा झाला तुमी आले. मना तुमच्याकडं येयाचाच होता. ह्यो असा सेल हाय तुमच्याजवल? जरा टिकनारा?"

त्यांच्या तळहातावर पाच सेल होते. चावीत घालतात ते, नाण्याएवढे चपटे. वामनरावांच्या पेटीत तसे डझनभर असत. असा सेल चावीत दोनेक वर्षं सहज चालतो.

"हे कुठले?"

"तो देतो ना परत." त्या अगदी सहज बोलत होत्या. "तो गेला, दोन वर्सांनी एक सकाली ह्यो पयला या पायरीवर ठेवलेला. पानी उतरल्यावर. मना काय समजंना. बेलापूरला घड्यालवाल्याला दाखवला, तो बोलला आजी, ह्यो संपलाय, नवा घाल. मंग मना समाजला. मी नवा आनला, पानावर ठेवला, हलद-कुकू लावला आनि पान्यात सोडला. आपन नारल देतो तसा. तो वर्सभर पुरला. मंग जुना परत आला, मी दुसरा दिला. तो सा म्हैने. त्याच्या पुढला तीन म्हैने."

वामनरावांनी पहिला सेल उचलून उन्हाकडे धरला. मिठाने काळवंडला होता, पण वरची अक्षरं वाचता येत होती. जपानी. बाकीचे चार इथलेच, कुठल्याही दुकानात मिळणारे. त्यांनी पेटीतून मीटर काढला आणि पाचही सेलना लावून पाहिला. पाचही रिकामे, पार शेवटच्या थेंबापर्यंत वापरलेले.

"आनि ह्यो पाचवा मी मागल्या पुनवेला दिलेला," पुतळाबाई म्हणाल्या. "आज सकाली परत आला. बावीस दिस. आता लय दाबतो वाटतं चावी."

पाणी खालच्या पायऱ्यांवर चढत होतं. वामनरावांना बोलायचं होतं. मावशी, मेलेलं माणूस असं करत नाही, असं काहीतरी. त्यांच्या मनातलं बाईंनी आधीच ओळखलं असावं.

"लोक बोलतात गेला. गेलेल्या मानसाला सेल कशाला लागंल, तुमीच सांगा ना."

वामनरावांनी पेटी पुढे ओढली. त्यांनी पेटीतला सगळ्यात चांगला सेल काढला, वेष्टन फाडलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला. पुतळाबाईंनी तो विड्याच्या पानावर ठेवला, बोटाने कुंकू लावलं आणि पान पाण्यात सोडलं. भरती चढत होती. काटक्या, थर्माकोलचे तुकडे, फेस, सगळं धक्क्याकडे येत होतं. ते एक पान तेवढं खाडीच्या तोंडाकडे निघालं, घाई न करता, सरळ रेषेत, आणि दिसेनासं झालं.

"ह्यो शेवटचा," पुतळाबाई उठत म्हणाल्या. गुडघ्यांवर हात टेकून त्या घराकडे वळल्या, मग थांबल्या. "आठ दिस, पुनवेपरत पुरला तरी बास. मंग सेलचं काम नाय पडायचं. त्या पोरीला सांगून ठेवा, गाडीत तेल भरून ठेव म्हनावं."

त्या गेल्यावरही वामनराव तिथेच होते. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की आपण बसल्या जागेवरून केव्हातरी उठलोय आणि पाण्याकडे तोंड ठेवूनच, उलट्या पावली, एकेक करत, सहा पायऱ्या वर आलोय. पाणी अजून बरंच खाली होतं.